काठीची योग्य लांबी : जॉर्ज सिल्व्हरच्या नियमाचें परीक्षण

१. शस्त्रविद्येवरील जुने ग्रंथ वाचणाराला मापांची अडचण पहिल्या कांहीं पानांतच आडवी येते. तरवार इतकी असावी, भाला तितका असावा, काठी अमुक हात असावी, असें सांगून ग्रंथकार मोकळा होतो. पण हात म्हणजे कोणाचा हात, हें तो सांगत नाहीं. त्याच्या शिष्यांना तें विचारावें लागत नव्हतें. गुरु समोर उभा होता व काठी कोपऱ्यांत उभी होती. आपणांस मात्र तें विचारलेंच पाहिजे. संपादक पुष्कळदां तें न विचारतां हाताचे दीड फूट करतो आणि आंकडा छापून टाकतो. एकदां आंकडा छापला गेला, म्हणजे मूळ शब्द मागें पडतो, पुढचा लेखक आंकडाच उचलतो, आणि दोन पिढ्यांनीं तोच ग्रंथकाराचा नियम म्हणून मिरवूं लागतो.

तालमींतील काठी किती लांब असावी, हा प्रश्न वरवर पाहतां किरकोळ आहे. परंतु याच प्रश्नावर एका ग्रंथकारानें नियमहि दिला आहे, त्या नियमाचें फळ म्हणून आंकडाहि दिला आहे, आणि त्याचें कारणहि दिलें आहे. म्हणून नियम व आंकडा यांची ताटातूट कशी होते, हें पाहण्यास त्याचा ग्रंथ फार सोयीचा आहे. हा ग्रंथ परक्या देशाचा असला तरी त्यांतून निघणारा बोध आपल्या दप्तरांना व पोथ्यांना लागू पडतो, तो कसा, हें पुढें येईल.

२. ग्रंथकाराचें नांव जॉर्ज सिल्व्हर. त्यानें इ. स. १५९९ मध्यें लंडन येथें 'पॅरॅडॉक्सेस ऑफ डिफेन्स' या नांवाचा ग्रंथ छापविला. त्या काळीं इंग्लंडांत इटालियन उस्तादांचें प्रस्थ माजलें होतें. विन्चेन्त्सिओ साव्हिओलो या उस्तादाचा ग्रंथ १५९५ मध्यें निघाला होता, आणि अणकुचीदार, निमुळत्या व फाजील लांब तरवारींची चाल उमरावांत पडली होती. सिल्व्हरचा सगळा रोष या लांबीवर आहे. आपल्या शरीराच्या मानानें जी तरवार लांब आहे, ती प्रतिपक्ष्याच्या तरवारीशीं एकदां अडकली म्हणजे पाऊल मागें घेतल्यावांचून सुटत नाहीं, आणि पाऊल मागें घेईपर्यंत घाव बसतो, असा त्याचा मुद्दा. म्हणून प्रत्येक शस्त्राची बरोबर लांबी कोणती, हें ठरविण्यास त्यानें ग्रंथांत स्वतंत्र जागा दिली आहे.

याच ग्रंथकारानें आपल्या मताचा प्रत्यक्ष प्रयोग सांगणारें दुसरें एक टिपण लिहिलें होतें. तें मात्र त्याच्या हयातींत छापलें गेलें नाहीं. तें स्लोन संग्रहांतील ३७६ व्या क्रमांकाच्या हस्तलिखितांत ब्रिटिश म्युझियममध्यें पडून राहिलें, आणि १८९८ मध्यें कॅप्टन सिरिल मॅथी यांनीं दोन्ही कृति एकत्र छापल्या तेव्हां तें प्रथम लोकांपुढें आलें. तो संग्रह १९७३ पासून ब्रिटिश लायब्ररीकडे आहे. सुमारें तीनशें वर्षें सिल्व्हरची अर्धीच बाजू छापील स्वरूपांत उपलब्ध होती, ही गोष्ट हस्तलिखितें सांभाळणारांनीं ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. नियम छापला गेला होता. त्या नियमानें घेतलेली काठी चालवावयाची कशी, हें हस्तलिखितांत होतें.

३. आतां नियम पाहूं. तो आपल्या शब्दांत सांगावयाचा तर असा : सरळ उभें राहावें. काठी अंगाशीं लगट उभी धरावी व डाव्या हातानें सांवरावी. उजवा हात काठीच्या अंगानें जितका वर पोंचेल तितका पोंचवावा. जेथें तो पोंचेल तेथपर्यंतची लांबी घ्यावी, आणि लढतांना दोन्ही हात काठीवर नीट बसून मारतां, भोसकतां व अडवितां यावें इतकी जागा तीमध्यें मिळवावी. ही तुमच्या अंगाची काठी. या रीतीनें पाहतां लांबी सामान्यतः आठ किंवा नऊ फूट भरते, असें तो शेवटीं म्हणतो.

या काठीस तो आंखूड काठी म्हणतो, हें ऐकून आपल्याकडील वाचकास नवल वाटेल. पण त्याची लांब काठी बारा फुटांपासून अठरा फुटांपर्यंत जाते. तिच्या मानानें ही आंखूडच. लांबीचें कारणहि त्यानें दिलें आहे. काठी याहून आंखूड झाली, तर लांब काठीवाला निर्धास्तपणें पुढें येऊन पुरी भोसक मारूं शकेल. ती योग्य लांबीची असली, तर लांब काठीवाल्यास आपलें टोंक संकटांत घातल्यावांचून पुरी भोसक मारतां येत नाहीं. उलट, काठी अंगाच्या मानाबाहेर गेली, कीं तिचें टोंक वेळेवर मागें ओढून घेतां येत नाहीं, आणि लांबीचा फायदा तोट्यांत जातो. म्हणजे खालची मर्यादा प्रतिपक्ष्याच्या शस्त्रावरून ठरते व वरची मर्यादा स्वतःच्या शरीरावरून ठरते.

४. या नियमाचे गुण प्रथम सांगितले पाहिजेत. पहिला गुण असा कीं, हा मोजण्याचा विधि आहे. आंकडा हें त्याचें केवळ फळ आहे. ज्याला फुटपट्टी ठाऊक नाहीं अशा खेडुतासहि तो आचरतां येईल. दुसरा गुण असा कीं, यांत शरीर नुसतें उंचीनें मोजलेलें नाहीं, तर हात वर करून त्याच्या पल्ल्यानें मोजलेलें आहे. सारख्या उंचीच्या दोन माणसांचे हात सारखे लांब नसतात. या नियमानें त्यांच्या काठ्याहि वेगळ्या होतात, आणि तशाच त्या असावयास पाहिजेत. तिसरा गुण सर्वांत महत्त्वाचा. पल्ला व पकड या दोन गोष्टी त्यानें निराळ्या धरून मग त्यांची बेरीज केली आहे. मुठींखालीं गेलेला काठीचा भाग प्रतिपक्ष्यापर्यंत पोंचत नाहीं. तो हिशेबांत वेगळा धरलाच पाहिजे.

नियम खरा उतरतो कीं नाहीं, हें पाहणें कठीण नाहीं. ५ फूट ६ इंच उंचीचा मनुष्य भिंतीशीं उभा राहून हात वर करील, तर त्याचीं बोटें सुमारें ७ फुटांवर टेंकतात. पकडीस दीड फूट धरला तर काठी ८ फूट ६ इंच होते. ५ फूट उंचीच्या माणसास त्याच हिशेबानें सुमारें ७ फूट १० इंच, आणि ६ फूट उंचीच्या माणसास सुमारें ९ फूट २ इंच येतात. सिल्व्हरचे आठ-नऊ फूट हे असे हवेंतून आलेले नाहींत. नियमांतून निघालेले आहेत. परंतु त्याच बरोबर हेंहि दिसतें कीं, बुटक्या व उंच माणसाच्या काठींत एका हातापेक्षांहि थोडा कमी, पण एका वितीपेक्षां बराच जास्त फरक पडतो. आठ किंवा नऊ हा आंकडा हा फरक गिळून टाकतो.

५. आतां दोष. पहिला दोष असा कीं, पकडीसाठीं किती जागा सोडावी, हें सिल्व्हरनें वापरणाराच्या सोयीवर सोडलें आहे. पल्ला त्यानें शरीरावरून पक्का केला. पकड मोकळी ठेवली. दोन शिष्य एकाच उंचीचे असले तरी एक जण मुठी जवळ ठेवील व दुसरा लांब ठेवील, आणि नियम एकच असून काठ्या वीतभर वेगळ्या होतील. मुठींचें अंतर हातांत किंवा वितींत सांगितलें असतें, तर नियम पुरा झाला असता. ही उणीव छापील ग्रंथापुरती आहे, असें म्हणून सोडून देतां येणार नाहीं. कारण वाचणाराच्या हातीं तीन शतकें छापील ग्रंथच होता.

दुसरा दोष असा कीं, लांबीच्या या नियमांत जाडी व वजन यांचा हिशेब नाहीं. काठीची लांबी व तिचें वजन हीं एकमेकांपासून तोडतां येत नाहींत. या बाबतींत चिनी ग्रंथकार चेंग त्सुंगयू याचें लेखन अधिक सावध आहे. शाओलिन मठांतील काठीविद्येवर सतराव्या शतकाच्या आरंभीं लिहितांना त्यानें लांकडी काठीस आठ ते साडेआठ चि लांबी व अडीच ते तीन जिन वजन सांगितलें आहे, आणि लोखंडी काठीस साडेसात चि लांबी व पंधरा ते सोळा जिन वजन सांगितलें आहे. चि व जिन हीं तिकडील लांबीचीं व वजनाचीं मापें. त्यांचें फुटांत व शेरांत रूपांतर न करतांहि मुद्दा कळतो : द्रव्य बदललें, वजन पांचपट झालें, म्हणून लांबी खालीं आली. सिल्व्हरच्या नियमानें घेतलेली काठी हलक्या लांकडाची असो वा जड लांकडाची असो, लांबी तीच राहील. पण जड काठीचें टोंक वेळेवर मागें येणार नाहीं, आणि त्यानेंच घातलेली वरची मर्यादा मोडेल.

तिसरा दोष सिल्व्हरचा कमी व त्याच्या वाचकांचा अधिक आहे. नियमाच्या शेपटास आंकडा लावल्यामुळें आंकडाच पुढें चालता झाला. १६१७ मध्यें जोसेफ स्वेटनम या दुसऱ्या इंग्रज शिक्षकाचा ग्रंथ निघाला. त्यांत याच जातीच्या काठीस सात किंवा आठ फूट सांगितलें आहे. सतरा-अठरा वर्षांत काठी एक फुटानें आंखूड झाली काय ? नुसते आंकडे शेजारीं ठेवून या प्रश्नाचें उत्तर काढूं पाहणें व्यर्थ आहे. पकड निराळी असेल, तर दोन्ही आंकडे एकाच वेळीं बरोबर असूं शकतात. आंकड्यांत पकड लपते. नियमांत ती दिसते.

६. येथपर्यंत परक्याचें परीक्षण झालें. आतां आपल्या घरांतील मापांकडे वळूं. कारण अंगावरून काठी मोजण्याची रीत आपल्याकडे सिल्व्हरहून किती तरी जुनी आहे, आणि ती दोन वेगळ्या प्रकारांनीं आढळते.

पहिला प्रकार उभ्या शरीरावरून मोजण्याचा. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायांत बटूच्या दंडाचें माप दिलें आहे. ब्राह्मणाचा दंड केसांपर्यंत, क्षत्रियाचा कपाळापर्यंत व वैश्याचा नाकापर्यंत असावा, असें तेथें सांगितलें आहे. दंड सरळ, अव्यंग, सालीसकट व विस्तवानें न डागलेला असावा, असेंहि म्हटलें आहे. हा दंड व्रताचा आहे, लढण्याचा नाहीं, आणि त्यांतील वर्णभेद हा धर्मशास्त्राचा विषय आहे. आपणांस येथें घ्यावयाचें तें इतकेंच कीं, माप हातांत किंवा अंगुळांत न देतां त्या बटूच्याच नाकावर व कपाळावर दिलें आहे. बटु लहान असेल तर दंड लहान. कोणताहि संपादक येथें फूट काढूं शकत नाहीं, आणि म्हणूनच हें माप दोन हजार वर्षांच्या आसपास अबाधित राहिलें.

दुसरा प्रकार हात वर करून मोजण्याचा. आपस्तंबाच्या शुल्बसूत्रांत अग्निचयनाची भूमि आंखण्यासाठीं एक वेळू घेण्यास सांगितलें आहे. यजमान हात वर करून उभा राहिला असतां जितका होतो, तितक्या अंतरावर त्या वेळूस छिद्रें पाडावयाचीं असतात. हा तर सिल्व्हरच्या नियमाचा पूर्वार्धच झाला : तीच उभें राहण्याची रीत, तोच वर केलेला हात, शेजारीं उभा बांबू. शुल्बकारांच्या कोष्टकांत या पुरुषमापास १२० अंगुळें, म्हणजे पांच हात धरलेले आहेत.

७. येथें एक मोह उत्पन्न होतो, आणि तो इतका गोड आहे कीं त्याचा निकाल येथेंच लावलेला बरा. शिवछत्रपतींच्या राज्यांतील जमीनमोजणीचें वर्णन सभासदानें दिलें आहे. सतराव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत जिंजीस लिहिलेल्या त्याच्या बखरींत काठी पांच हात व पांच मुठी सांगितली आहे. हात चौदा तसूंचा. वीस काठ्या औरसचौरस म्हणजे बिघा व एकशें वीस बिघ्यांचा चावर. आतां हात दीड फुटाचा धरला व मूठ चार अंगुळांची, म्हणजे तीन इंचांची धरली, तर पांच हात व पांच मुठी मिळून बरोबर ८ फूट ९ इंच होतात. सिल्व्हरचे आठ-नऊ फूट ते हेच ! शिवाय रचनाहि तीच. पांच हात म्हणजे वर हात केलेला पुरुष, आणि पांच मुठी म्हणजे पकडीची जागा. जमीन मोजणारी काठी ही मूळची लढण्याचीच काठी होती, असें विधान करण्यास आणखी काय पाहिजे ?

पुष्कळ कांहीं पाहिजे. वरील जुळणी तीन ठिकाणीं लंगडी आहे. एक तर दीड फुटाचा हात हा आपण बाहेरून आणून बसविला. बखरींत हात तसूंनीं सांगितला आहे, फुटांनीं नाहीं. दुसरें, शुल्बांतील पांच हात हे एका कोष्टकांतील, काठीचे पांच हात दुसऱ्या कोष्टकांतील; आंकडा एक असल्यानें माप एक होत नाहीं. तिसरें व मुख्य, या दोन काठ्यांचे हेतु एकमेकांच्या उलट आहेत. मोजणीच्या काठीचा हात चौदा तसूंचा ठरवून दिला, तो अशासाठीं कीं मोजणी करणारा कारकून उंच असो वा ठेंगणा असो, रयतेचें शेत वाढूं नये व घटूं नये. माणसाच्या अंगापासून हात तोडून काढणें, हाच त्या ठरावाचा उद्देश. सिल्व्हरचा उद्देश काठी माणसाच्या अंगाला जोडण्याचा. एका काठींत प्रत्येकाचा हात वेगळा असणें हा अन्याय आहे, दुसऱ्या काठींत तोच नियम आहे.

हा भेद नवा नाहीं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांतहि अंगुळ ठरवितांना आठ यवमध्यें, किंवा मध्यम पुरुषाच्या मधल्या बोटाची मधली जाडी घेतली आहे; अशा चोवीस अंगुळांचा अरत्नि, व चार अरत्नींचा दंड. येथें दंड हें नांव काठीचें, पण माप राज्याचें. आणि त्याच ग्रंथांत कामाप्रमाणें दंडाचीं मापेंहि वेगळीं आहेत : नेहमींचा दंड ९६ अंगुळांचा, तर ब्रह्मदेय जमिनीसाठीं १९२ अंगुळांचा. नुसता दंड हा शब्द वाचून लांबी सांगूं जाणाराला या एका ठिकाणींच दुप्पट चूक करण्याची सोय आहे.

८. याच्या उलट चरकानें विमानस्थानांत शरीराची उंची ८४ अंगुळें सांगितली, ती ज्याच्या त्याच्या बोटानें. ८४ अंगुळें म्हणजे साडेतीन हात. आपण साडेतीन हातांचा देह असें बोलतांना हेंच माप वापरतों. मनुष्य उंच असो कीं ठेंगणा असो, आपल्या हातानें तो साडेतीनच हात. आतां ८४ व १२० हे दोन्ही आंकडे शेजारीं ठेवले, तर हात वर केल्यानें मनुष्य ३६ अंगुळांनीं, म्हणजे दीड हातानें उंच होतो, असें निघेल. तें प्रत्यक्षांत होत नाहीं. भिंतीशीं उभें राहून पाहिलें तर डोक्यावर जेमतेम एक हात भरतो. म्हणजे एक अंगुळ स्वतःचें व दुसरें कोष्टकांतील. दोहोंची वजाबाकी करणें म्हणजे आंब्यांतून चिंचा वजा करणें होय.

यावरून एखाद्या पोथींत किंवा टिपणांत काठी चार हात असावी, असें आढळलें तर काय करावें, हें स्पष्ट होतें. हात दीड फुटाचा धरून ६ फूट लिहिलें, कीं काम संपलें असें वाटतें. पण तो हात शिष्याचा स्वतःचा असेल, तर साडेतीन हातांच्या देहाला चार हातांची काठी म्हणजे डोक्यावर एक वीत, असा त्याचा अर्थ होतो. ५ फूट उंचीच्या माणसास ती सुमारें ५ फूट ८॥ इंच, ५ फूट ६ इंच उंचीच्यास सुमारें ६ फूट ३॥ इंच, आणि ६ फूट उंचीच्यास सुमारें ६ फूट १० इंच होईल. पहिल्या व शेवटच्या काठींत एक फुटाहून अधिक अंतर पडलें. छापील ६ फूट हा आंकडा या तिघांपैकीं एकाचाहि नाहीं.

९. राहिला प्रश्न दोन प्रकारांचा. कोठें काठी कपाळापर्यंत घेतात, कोठें वर केलेल्या हाताच्याहि वर. मग खरी लांबी कोणती? तामिळ देशांतील सिलंबम् विद्येंत कपाळापर्यंतची काठी प्रसिद्ध आहे. चिनी भाषेंत एका काठीचें नांवच भुवईइतकी काठी असें आहे. मलबारांतील कळरींत आंखूड दांडक्यास मुच्चाण म्हणतात, त्याचा अर्थ तीन विती. आपल्याकडील आखाड्यांतहि काठी अंगाशीं उभी लावून पाहण्याची रीत ओळखीचीच आहे. या सर्वांहून सिल्व्हरची काठी पुष्कळ लांब. ह्यांतील कोणी तरी चुकला आहे, असा निकाल देण्यापूर्वीं काठी धरतात कोठें, हें पाहिलें पाहिजे.

सिल्व्हरची काठी मागच्या टोंकाकडे दोन्ही हातांनीं धरावयाची आहे. पुढचा सर्व भाग भाल्यासारखा प्रतिपक्ष्याकडे राहतो. म्हणून तिची लांबी पल्ल्यावरून ठरते. फिरवावयाची काठी मध्याजवळ धरतात; तिचें एक टोंक पुढें गेलें कीं दुसरें मागें येतें, आणि तें जमिनीस, पायास किंवा काखेस लागतां कामा नये. म्हणून तिची लांबी उभ्या अंगावरून ठरते. ५ फूट ६ इंच उंचीच्या माणसाची लोंबती मूठ जमिनीपासून सुमारें २९ इंचांवर असते. भुवईपर्यंतची काठी सुमारें ६२ इंच, तिचा अर्धा ३१ इंच. म्हणजे कोपर किंचित् दुमडलें कीं काठी पायांजवळून मोकळी फिरते. हेंच गणित साडेचार फूट उंचीच्या मुलास लावून पाहावें. त्याची मूठ सुमारें साडेतेवीस इंचांवर. भुवईपर्यंतच्या काठीचा अर्धा २५ इंच, म्हणजे दीड इंचाचा प्रश्न. पण छापील आंकड्यावर विसंबून त्याच्या हातीं सहा फुटांची काठी दिली, तर तिचा अर्धा ३६ इंच होतो, आणि हात एक वीत नव्हे, त्याहूनहि तीन-चार इंच अधिक उचलून ठेवावा लागतो. मग तो मुलगा खांदे चढवून फिरवावयास शिकतो, टोंक जमिनीवर आपटतें, घोट्यास लागतें, आणि दोष मुलाच्या आळसाकडे जातो. संपादकाच्या एका आंकड्याचा परिणाम असा तालमींतल्या पोराच्या घोट्यापर्यंत पोंचतो.

१०. तरीहि ठराविक आंकडा नेहमींच चुकीचा, असें म्हणणें पक्षपाताचें होईल. जपानांतील शिंतो मुसो पंथांत जो नांवाची काठी ४ शाकु २ सुन १ बु, म्हणजे सुमारें १२८ सेंटिमीटर लांब व ८ बु, म्हणजे सुमारें २४ मिलिमीटर जाड असते. आणि ती सर्व शिष्यांस सारखीच. येथें माप अंगावरून कां नाहीं ? कारण त्या पंथांतील शिक्षण काठी व तरवार अशा जोडीनें चालतें. समोरची तरवार ठराविक, उभयतांमधलें अंतर ठराविक, म्हणून काठीहि ठराविक. सिल्व्हरनें खालची मर्यादा प्रतिपक्ष्याच्या शस्त्रावरून घातली होती. येथें तीच मर्यादा सर्वस्व झाली आहे. म्हणजे हा अपवादहि नियमाच्या पोटांतलाच आहे. आंकड्यामागें कारण असलें तर आंकडा जिवंत राहतो; कारण तुटलें कीं तो केवळ लांकूड मोजतो.

११. या परीक्षणाचा निष्कर्ष थोडक्यांत असा. काठीची योग्य लांबी ही तीन गोष्टींवरून ठरते : वापरणाराचें अंग, काठी धरण्याची जागा, व समोरचें शस्त्र. सिल्व्हरची थोरवी ही कीं त्यानें तिन्ही ओळखल्या. त्याची उणीव ही कीं दुसरी अर्धवट सोडली, वजन विसरला, आणि शेवटीं आंकडा दिला.

यावरून ग्रंथ संपादन करणारांस दोन सूचना कराव्याशा वाटतात. मूळांत हात, वीत, मूठ, अंगुळ जें असेल तें तसेंच छापावें. फूट द्यावयाचेच असतील तर टीपेंत द्यावे, आणि हात किती इंचांचा धरला, हेंहि तेथेंच सांगावें. तसेंच, तो हात ठरावाचा आहे कीं वापरणाराचा, याविषयीं ग्रंथांतील आगळा-मागला संदर्भ पाहून आपलें मत द्यावें. जमाबंदीचा कागद असेल तर पहिला पक्ष बळकट. शिक्षणाचें टिपण असेल तर दुसरा.

संग्राहकांसहि विनंति आहे. जुन्या काठ्या, भाल्यांचे दांडे व बोथाट्या अनेक घरांत आहेत. त्यांची नोंद करतांना एकूण लांबी लिहून थांबूं नये. दोन्ही टोंकांची जाडी, वजन, लांकूड कीं बांबू, शेंबी आहे कीं नाहीं व कोणत्या टोंकास, आणि विशेषतः हाताच्या घासण्यानें गुळगुळीत झालेली जागा टोंकापासून किती अंतरावर आहे, हें लिहावें. ती गुळगुळीत जागा म्हणजे सिल्व्हरनें न सांगितलेलें माप होय. मालक गेला, त्याची उंची कोणास ठाऊक नाहीं. पण त्याच्या दोन मुठी काठीवर उरल्या आहेत. त्या पुसून, तेल लावून, काठी झगझगीत करून ठेवूं नये.

आणि शिक्षकांस सांगावयाचें तें सिल्व्हरनेंच सांगितलें आहे. पुस्तक मिटावें, शिष्यास सरळ उभें करावें, व काठी त्याच्या अंगाशीं लावून पाहावी.